रयतेच्या पैशाचा हिशेब मागणारे जोतीराव फुले

आमच्या नातेपुत्याच्या पश्चिमेस शंभु महादेवाचे डोंगर आहेत. शिखर शिंगणापूरच्या यात्रेस जाणाऱ्या वाचकांस ठाऊकच आहे की, तो डोंगर चढून पलीकडे उतरले म्हणजे माण तालुका लागतो व माण ओलांडला म्हणजे खटाव. ह्या खटाव तालुक्यात कटगूण म्हणून एक गाव आहे. तेथील पाऊसपाणी आमच्यासारखेच बेभरवशाचे, आणि तेथील कुणब्यामाळ्यांचे जिणेही आमच्या वाडवडिलांच्या जिण्याहून निराळे नव्हते. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सांगावयास घेतले आहे, त्याचे मूळ घराणे ह्याच कटगुणचे. महात्मा जोतीराव फुले ह्यांचे नाव ऐकले नाही असा मनुष्य आज महाराष्ट्रात सापडणे कठीण. परंतु त्यांचे पूर्वज आमच्या शेजारच्या कोरड्या मुलखातून बाहेर पडले होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

श्रीमंत व दरिद्री ह्यांच्यामधील अंतर कमी कसे व्हावे, कष्ट करणारास त्याच्या कष्टाचे फळ कसे मिळावे, ह्या प्रश्नाचा खल जगातील सर्व मोठ्या शहरांतून गेली दोनशे वर्षे चालू आहे. त्यावर युरोपांत ग्रंथांचे डोंगर रचले गेले. आमच्या देशांत हा प्रश्न प्रथम कोणी स्पष्टपणे मांडला, असे विचारल्यास आम्ही जोतीरावांचे नाव घेऊ. पुष्कळांच्या मनात जोतीराव म्हणजे मुलींची शाळा काढणारे व अस्पृश्यांस आपला हौद मोकळा करणारे गृहस्थ, एवढेच चित्र असते. ते खरे आहे, पण अर्धे आहे. जोतीरावांची खरी ओळख आमच्या मते अशी की, त्यांनी साऱ्या आयुष्यभर एकच प्रश्न निरनिराळ्या दारांशी उभे राहून विचारला. तो प्रश्न असा, की शेतकऱ्याच्या खिशांतून निघालेला पैसा शेवटी जातो कोणाच्या घरी?

कटगूण येथे जोतीरावांच्या पणजोबांकडे चौगुल्याचे वतन असून घराण्याचे आडनाव गोऱ्हे असे होते. गावच्या कुलकर्ण्याशी काही मोठा तंटा होऊन त्यांस गाव सोडावे लागले, अशी हकीकत घराण्यांत चालत आली आहे. ते पुरंदर तालुक्यांत खानवडी येथे येऊन राहिले. आजोबा शेटिबा ह्यांना दैन्यामुळे तेथेही टिकाव धरता आला नाही व मुलांनी पुण्याची वाट धरली. तेथे फुलांचा धंदा शिकून ही मंडळी पेशव्यांच्या वाड्यांत फुले पुरवू लागली, आणि त्यावरून गोऱ्ह्यांचे फुले झाले. पेशव्यांनी त्यांस पस्तीस एकर जमीन इनाम दिली होती. पण ती थोरल्या भावाने, राणोजीने, एकट्याने बळकाविली, व धाकटे गोविंदराव ह्यांस फुले व भाजीपाला विकून संसार करावा लागला. त्यांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोंच आई चिमणाबाई वारल्या. सगुणाबाई नामक एका विधवा नातलग स्त्रीने त्यांस आईच्या मायेने वाढविले. ही बाई एका इंग्रज पाद्र्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत असे, आणि मुलास शिकविलेच पाहिजे हा तिचा हट्ट त्या घरांतूनच आलेला असावा, असे आम्हांस वाटते.

सातव्या वर्षी मुलगा शाळेत गेला, आणि थोड्याच वर्षांत पुन्हा मळ्यांत आला. माळ्याच्या पोराने शिकून काय करावयाचे, असे गोविंदरावांच्या मनात भरवून देणारे लोक दुकानीच होते. पुढे गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या दोन शेजाऱ्यांनी, एक मुसलमान व एक ख्रिस्ती, बापाची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये चौदा वर्षांचा तो तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊन बसला. वय वाढलेले, लग्न झालेले, आणि वर्गांत बहुतेक लहान मुले. तरी त्याने सहा वर्षे नेटाने अभ्यास केला. ह्याच सुमारास टॉमस पेन ह्या लेखकाचा मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथ त्यांच्या वाचनांत आला. पेन हा इंग्लंडांत जन्मला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लिहिता झाला व फ्रान्सच्या राज्यक्रांतीतही वावरला. अशा ग्रंथाने पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरावी, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे बरे. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे त्यांनी मुक्तकंठाने आभार मानले, परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांचे स्नेही बाबा पदमनजी ह्यांनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जोतीरावांनी मात्र निराळीच वाट धरली. ह्या पुरुषाचे चरित्र ख्रिस्ती वाचकांनी आपल्या गोटांत ओढण्याची गरज नाही. शेजारी थोर असेल तर त्यास थोर म्हणावे, ह्यातच आपली शोभा आहे.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता जातीवरून त्यांचा अपमान झाला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यापेक्षा आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याच सुमारास त्यांनी अहमदनगरास जाऊन तेथील अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहिली हे. अपमान तर पुष्कळांचा होतो; पण अपमानाचे उत्तर म्हणून शाळा काढावी असे क्वचितच कोणाच्या मनात येते. पुण्यास बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत त्यांनी त्याच वर्षी मुलींची शाळा उघडली. पत्नी सावित्रीबाई ह्या सातारा प्रांतांतील नायगावच्या. त्यांस जोतीरावांनी स्वतः शिकवून शिक्षिका केले. शाळेच्या वाटेवर लोकांनी त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकावा, आणि त्यांनी जवळ दुसरे लुगडे ठेवून शाळेत पोचल्यावर ते बदलावे, असा क्रम चालू राहिला. लोकनिंदेस भिऊन गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. पुढे महार, मांग आदिकरून मुलांसाठी शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरांत सरकारने विश्रामबाग वाड्यांत जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा, १८६३ मध्ये फसलेल्या विधवांसाठी व त्यांच्या अर्भकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांस खुला, अशी एकामागून एक कामे त्यांनी केली. त्या गृहांत जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत. जोतीरावांस ठार मारण्यासाठी पैसे देऊन पाठविलेल्या दोघांपैकी एक जण पुढे त्यांचाच शिष्य झाला, हीही हकीकत प्रसिद्ध आहे.

ह्या सर्व गोष्टी आमच्या वाचकांनी शाळेच्या पुस्तकांतून वाचल्या असतील, म्हणून आम्ही त्या भरभर सांगितल्या. आता ज्या भागाकडे लोकांचे लक्ष कमी जाते तेथे थोडे थांबू.

जोतीराव शाळांचा पगार घेत नसत. पोटासाठी ते ठेकेदारीचा धंदा करीत. खडकवासल्याच्या धरणास दगड पुरविण्याचे काम त्यांच्याकडे होते. शिवाय धातू ओतण्याच्या मुशी विकण्याचे दुकानही त्यांनी चालविले. म्हणजे हा सुधारक खडी, चुना, मजुरी, बिले व वटाव ह्यांच्या व्यवहारांत रोज वावरणारा मनुष्य होता. बांधकाम खात्यांत मंजूर झालेल्या रुपयापैकी प्रत्यक्ष डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईच्या हाती किती पडते, मस्टरावर किती नावे खोटी असतात, साहेब सही करतो पण वाचतो किती, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पंडितांस ग्रंथ वाचून जे कळते ते त्यांस चिठ्ठ्या व पावत्या वाचून कळले. दारिद्र्य हे नशिबाने किंवा पूर्वकर्माने येते असे सांगणारांस त्यांच्याजवळ रोकडे उत्तर होते. ते म्हणजे कीर्दखतावणी.

ह्याच दृष्टीने त्यांनी इतिहासाकडे पाहिले. १८७३ च्या जून महिन्यांत त्यांचा गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेंत यादवी युद्ध होऊन १८६५ साली गुलामांचा व्यापार व मालकी कायद्याने कायमची बंद झाली. ज्या सज्जनांनी त्यासाठी झीज सोसली त्या अमेरिकन लोकांस जोतीरावांनी आपला ग्रंथ अर्पण केला. वाचकहो, विचार करा. त्या काळी पुण्याहून मुंबईस आगगाडी सुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती, आणि हा गृहस्थ महारवाड्यांतील मनुष्याचे व मिसिसिपीकाठच्या कापसाच्या मळ्यांतील नीग्रोचे दुःख एका मापाने मोजत होता. ह्या ग्रंथांतील पुराणकथांचे त्यांनी लावलेले अर्थ आज सर्वच विद्वान मान्य करीत नाहीत. आणि त्यांची भाषा इतकी कडक आहे की, ज्यांनी काही अपराध केला नव्हता अशा पुष्कळ ब्राह्मणांसही ती लागली असेल. त्यांच्या शाळांत मदत करणारे काही ब्राह्मण मित्रच होते, हे ते स्वतः विसरले नव्हते. असो. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी त्यांनी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. देव व भक्त ह्यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे मुख्य तत्त्व. समाजाच्या पद्धतीने भटाशिवाय लग्ने लागू लागली. ह्या लग्नांचा खर्च नाममात्र असे, आणि आमच्या मते त्यांचे महत्त्व जितके धर्मदृष्ट्या तितकेच सावकाराच्या वहीच्या दृष्टीने होते. कारण लग्नांत व श्राद्धांत होणाऱ्या खर्चाने कुणब्याच्या डोक्यावरचे कर्ज वाढत असे, ही गोष्ट त्या काळचा गावचा वाणीही सांगू शकला असता.

ते कर्ज किती साचले होते हे दोनच वर्षांत सर्वांस दिसले. १२ मे १८७५ रोजी भीमथडींतील सुपे गावी शेतकऱ्यांनी बाजाराच्या दिवशी सावकारांची घरे व दुकाने गाठली. त्यांनी मागितले काय, तर कर्जरोखे. ते हाती येताच चौकांत जाळले. हे सुपे आमच्यापासून फार दूर नाही; बारामतीच्या पलीकडे आहे. बंड पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी नेमली व १८७९ साली दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यापूर्वीच १८७६ चा दुष्काळ आला. आमच्या सोलापूर जिल्ह्यावर त्याचा घाव अतिशय कठोर बसला. म्हसवडनजीक राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळांत लोकांस काम देण्यासाठी बांधावयास घेतला होता. त्याची भिंत ज्यांनी उचलली ते उपाशी लोक ह्याच पंचक्रोशीतले. जोतीरावांनी व त्यांच्या समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळी मुलांसाठी अन्नछत्र घातले व त्यासाठी १८७७ च्या मे महिन्यांत लोकांकडे मदतीची हाक दिली. सावित्रीबाई स्वतः त्यांत खपल्या.

आता ज्या दोन लेखांमुळे आम्ही जोतीरावांस आपल्या देशांतील आर्थिक न्यायाचे पहिले वकील म्हणतो, त्यांकडे वळू.

पहिला लेख म्हणजे १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी सादर केलेले निवेदन. त्या काळी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून जादा घेत व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावीत. जोतीरावांनी विचारले की, सरकारच्या तिजोरीचा मोठा भाग रयतेच्या घामाचा असता त्यांतून वरिष्ठ वर्गांच्या मुलांसाठी कॉलेजे चालावीत, आणि ज्यांनी पैसा दिला त्यांच्या खेड्यांत साधी शाळाही नसावी, हा कोणता न्याय? वरच्या वर्गांस शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, असा सरकारचा हिशेब होता. जोतीरावांनी तो खोटा ठरविला. विद्या झिरपली नव्हती, ती वरच अडून राहिली होती. म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. एवढेच सांगून ते थांबले नाहीत. शिक्षकास महिना बारा रुपयांहून कमी पगार देऊ नये, मोठ्या गावी पंधरा वा वीस द्यावा. शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गांतूनच घ्यावेत, म्हणजे त्यांस मुलांची लाज वाटणार नाही. मोडी व बाळबोध लिहिणेवाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल ह्यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती शिकवावी. असा सर्व तपशील त्यांनी दिला. खेड्यांतील मास्तरास पुरेसा पगार नसेल तर तो शाळेंत मन घालीत नाही, ही गोष्ट समजण्यास शिक्षणतज्ज्ञ व्हावे लागत नाही. तरी ती आयोगापुढे आकड्यांनिशी ठेवणारा मनुष्य एक मळेकरी ठेकेदार होता.

ही मागणी किती काळ लोंबकळली पाहा. कोल्हापुरांत राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुंबई इलाख्यांत १९१८ साली नगरपालिकांस तसा अधिकार देणारा कायदा झाला. आणि चौदाव्या वर्षापर्यंतचे शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून साऱ्या देशांत अंमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजी, म्हणजे त्या निवेदनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांच्या मागे फडावर गेलेल्या मुलाचे नाव आजही आमच्या तालुक्यांत पटावर असते आणि मूल मात्र वर्गांत नसते, हे आम्ही सर्वच जाणतो.

दुसरा लेख १८८३ साली पुरा झालेला शेतकऱ्याचा असूड. आमच्या भागांतील प्रत्येक घरी हा ग्रंथ असावा असे आम्हांस वाटते. कारण त्यांत जे वर्णिले आहे ते आम्हांस परके नाही. शेतकऱ्याचे जुने घर, त्यांतील धूर, फाटकी घोंगडी, भाकरीबरोबरचे कोरड्यास, कचेरीच्या ओट्यावर तासन् तास बसून राहणे, मुनसफ कोर्टातील कारकुनाची मर्जी राखणे, हे सर्व त्यांनी जवळून पाहून लिहिले आहे. जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाने त्याच्याकडून काय काय उकळले जाते, हे पहिल्या प्रकरणांत सांगून पुढे ते सरकारी खात्यांकडे वळतात. दर तीस वर्षांनी होणारी पैमाष व वाढणारा सारा, लोकल फंड, जंगल खात्याने गावची कुरणे व गायराने घेतल्याने गुरांची झालेली उपासमार, परदेशी मालामुळे विणकर व कारागीर बेकार होऊन त्यांचाही भार जमिनीवर पडणे, ह्या सर्वांची त्यांनी साखळी जोडून दाखविली आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांचे भारी पगार व पेन्शने ह्यांवरही त्यांनी नेमके बोट ठेविले. इंग्रज सरकारविषयी त्यांच्या मनात फार आशा होती, कित्येक ठिकाणी आम्हांस ती गरजेपेक्षा जास्त वाटते. पण त्या आशेने त्यांचा हिशेब चुकला नाही.

ह्या ग्रंथांत पाण्याविषयी जो भाग आहे तो तर जणू माळशिरस, माण व सांगोला ह्यांच्यासाठीच लिहिला आहे. डोंगरउतारावर जागोजाग ताली व बंधारे असे घालावेत की, वळवाचे पाणी थांबून जमिनीत मुरावे आणि माती वाहून जाऊ नये. रिकाम्या बसलेल्या पलटणीच्या व पोलिसांच्या लोकांकडून ही कामे करून घ्यावीत. सोयीच्या जागी तलाव व धरणे बांधावीत. भूमीतील झरे शोधून शेतकऱ्यांस विहिरींसाठी दाखवून द्यावेत. कालव्याचे पाणी प्रत्येकास गरजेप्रमाणे मिळते की नाही ते पाहावे. जनावरांची व शेळ्यामेंढ्यांची चांगली पैदास करावी. शेतीच्या प्रदर्शनांत शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत. पाणलोट अडवा असे सांगणाऱ्या ज्या योजना आपल्याकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या, त्यांचा गाभा येथे १८८३ सालीच सापडतो. पुढे भाटघरच्या मोठ्या धरणाचे पाणी नीरा उजव्या कालव्याने फलटण व माळशिरस तालुक्यांत आले. ज्या गावांस फाटा मिळाला तेथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, मुले पुण्यास शिकू लागली. आणि तालुक्याच्या दक्षिण अंगाची कित्येक गावे टँकरची वाट पाहत राहिली. एकाच तालुक्यांत, एकाच जातीत, कधी एकाच भाऊबंदकीत, केवळ पाण्याच्या वाटणीने श्रीमंत व गरीब असे दोन थर पडले. जोतीरावांचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, व त्यास जातीचे उत्तर पुरेसे नाही, हे आम्हांस सांगावेसे वाटते.

१८७६ ते १८८२ ह्या काळांत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठी १८८० साली एक हजार रुपये खर्चावे असा विचार निघाला, तेव्हा त्या सरकारनियुक्त सभासदांत विरोध करणारे एकटे जोतीराव निघाले. ते पैसे गरिबांच्या शिक्षणास लावावेत असे त्यांचे म्हणणे होते. पुढे भव्य मंडई बांधण्याचे घाटले तेव्हाही त्यांनी तोच आग्रह धरला की, आधी शाळा. मंडई बांधली गेली ती गेलीच. आणि नियतीचा विनोद असा की, आज तीच मंडई महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. पुण्यास भाजी घेऊन जाणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंपैकी कितीजणांस हे ठाऊक असेल?

शेतकऱ्याप्रमाणे गिरणीमजुराकडेही सत्यशोधक मंडळींचे लक्ष गेले. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या मजुरांचे पुढारी. १८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेविला. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी भाकरी खाण्यास अर्धा तास, कामाचे तास बांधलेले, पगार वेळेवर आणि अपघात झाल्यास काही मदत, एवढ्याच मागण्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभे राहणाऱ्या लोकांस ह्या मागण्याही सहा वर्षे मिळाल्या नाहीत. १८९० च्या जून महिन्यांत गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आम्हां ख्रिस्ती लोकांस रविवार प्रभूचा वार. लोखंड्यांनी तो खंडोबाचा वार म्हणून मागितला, असे सांगतात. विसाव्याची गरज दोन्ही अंगणांत सारखीच. आमच्या जिल्ह्यांत सोलापूरची पहिली गिरणी १८७७ साली, म्हणजे दुष्काळाच्या भरांत निघाली होती, आणि रान सोडून गेलेल्या कित्येक कुटुंबांनी पुढे ह्या गिरण्यांचा आसरा घेतला. तेव्हा ह्या सुटीचे मोल आमच्याकडेही कळले.

ह्याच सुमारास युरोपांतही हाच विषय धर्मपीठापर्यंत पोचला होता. पोप तेरावे लिओ ह्यांनी १५ मे १८९१ रोजी मजुरांच्या स्थितीविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. त्यांत खासगी मालमत्तेचा हक्क त्यांनी मान्य केला. पण मजुरी केवळ देणाराघेणाराच्या करारावर सोडून चालणार नाही, ती काटकसरी मजुराच्या निर्वाहास पुरेशी असली पाहिजे, आणि मजुरांस आपले संघ करण्याचा अधिकार आहे, असे निक्षून सांगितले. हे परिपत्रक निघाले तेव्हा जोतीरावांस जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. दोघांस एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. दोघांच्या धर्मकल्पनांत तर जमीनअस्मानाचे अंतर. तरी रोमच्या धर्मपीठाने व पुण्याच्या माळ्याने एकाच दशकांत एकच जखम ओळखावी, ही गोष्ट आम्ही आमच्या वाचकांच्या विचारासाठी येथे नोंदून ठेवितो.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यास राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. सरदार, सावकार व अधिकारी जरतारी कपड्यांत व दागिन्यांत आले. जोतीराव गेले ते शेतकऱ्याचे पागोटे, धोतर व खांद्यावर घोंगडी अशा वेषाने. दारावर त्यांस अडविल्याचेही सांगतात. त्यांनी राजपुत्रास सांगितले की, ह्या हिरेमोत्यांवरून ह्या देशाची परीक्षा करू नये. राणीची खरी प्रजा खेड्यांत आहे व ती उपाशी, निरक्षर आहे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईस मांडवीच्या कोळीवाड्यांत लोकांनी सभा भरवून त्यांस महात्मा ही पदवी दिली. ही पदवी कोणा राजाने वा विद्यापीठाने दिली नाही. ती कोळी, माळी, कुणबी व गिरणीमजूर ह्यांनी दिली, हे ध्यानांत ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांस पक्षघाताचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. धंदा बसला होता, जवळची पुंजी सार्वजनिक कामांत खर्ची पडली होती. औषधपाण्यासही ओढाताण होऊ लागली. अशा अवस्थेंत त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि सार्वजनिक सत्यधर्म हे आपले शेवटचे पुस्तक पुरे केले. त्यांत एका कुटुंबाचे चित्र आहे, ज्यांत आई एका धर्माची, बाप दुसऱ्या, मुलगी तिसऱ्या, मुलगा चौथ्या, आणि तरी सर्वजण एकमेकांचा हेवा न करता एका घरात नांदतात. मनुष्यमात्राचा एकच निर्मिक आहे, ही त्यांची श्रद्धा होती व तीत शेवटपर्यंत फरक पडला नाही. तुकोबांच्या अभंगांच्या धर्तीवर त्यांनी अखंड रचले. आषाढांत ज्ञानोबांची पालखी नातेपुत्यास मुक्कामाला येते तेव्हा टाळमृदंगाच्या नादांत जाती विसरलेली माणसे आम्ही दर वर्षी पाहतो. तीच माणसे गावी परतली म्हणजे पाणवठ्यावर व पंक्तीत काय होते, हे विचारण्यासाठीच जोतीरावांनी तुकोबांचा साचा उचलला असावा. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांस खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यास जोतीरावांचे देहावसान झाले. दत्तक पुत्रास अंत्यविधीचा अधिकार नाही असा भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरून प्रेतयात्रेपुढे चालावयास सुरुवात केली, असे सांगतात. शेवटचे पुस्तक यशवंताने १८९१ साली छापून काढिले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यास प्लेगची साथ आली, तेव्हा त्याने गावाबाहेर माळावर रोग्यांसाठी दवाखाना घातला व सावित्रीबाई तेथे शुश्रूषेस राहिल्या. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणला. त्यांस तोच रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला.